दोन करार, एक कथा

रविवारीं सकाळीं एखाद्या ख्रिस्ती उपासनामंदिरांत सहज जाऊन बसलेल्या परधर्मी पाहुण्यास एक गोष्ट हटकून नवलाची वाटते. मंदिर येशू ख्रिस्ताचें, समोर क्रूस त्याचा, गीतें त्याच्या नांवाचीं. परंतु वाचनाची वेळ आली कीं वाचक उठतो आणि ख्रिस्ताच्या कित्येक शतकें अगोदर होऊन गेलेल्या लोकांची हकीकत वाचूं लागतो. कधीं मिसर देशांतून सुटून निघालेल्या गुलामांची कथा, कधीं एखाद्या राजाची लढाई, कधीं बाबेल येथें कैदेंत पडलेल्या लोकांस एका संदेष्ट्यानें दिलेला धीर. मग एक स्तोत्र. तेंहि त्याच जुन्या लोकांचें. त्यानंतर एका प्रेषिताचें पत्र, आणि सरतेशेवटीं शुभवर्तमानांतील उतारा. पाहुण्याच्या मनांत साहजिकच प्रश्न येतो : ज्याच्यासाठीं ही सर्व मंडळी जमली त्याचें चरित्र व उपदेश एवढेंच वाचून काम भागलें नसतें काय? हें जुनें ओझें दर आठवड्यास कशासाठीं वाहावयाचें?

हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाहीं. ख्रिस्ती मंडळीनें तो स्वतःस अनेक वेळां विचारला आहे, आणि त्याचें उत्तर चुकलें तेव्हां त्याची किंमत निरपराध माणसांस द्यावी लागली आहे. या प्रश्नाचा शिस्तीनें विचार करणाऱ्या विद्याशाखेस ‘बिब्लिकल थिऑलॉजी’ असें नांव आहे. मराठींत तिला बायबलनिष्ठ ईश्वरविद्या म्हणतां येईल.

बायबल हा शब्द मूळ ग्रीक असून त्याचा अर्थ ‘पुस्तकें’ असा अनेकवचनी आहे. तें वस्तुतः एक पुस्तक नव्हे. तो एक लहानसा ग्रंथसंग्रहच आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या बायबलांत ६६ पुस्तकें आहेत : जुन्या करारांत ३९ व नव्या करारांत २७. रोमन कॅथॉलिक मंडळी जुन्या करारांत ४६ पुस्तकें मानते. म्हणून तिच्याकडे ही संख्या ७३ होते. जुना करार बहुतांशीं हिब्रू भाषेंत व थोडा अरामी भाषेंत आहे; नवा करार ग्रीक भाषेंत आहे. कायदे, वंशावळ्या, राजांच्या बखरी, म्हणी, प्रेमगीतें, विलाप, पत्रें, स्वप्नदर्शनें असे नाना प्रकार त्यांत एकत्र नांदतात, आणि त्यांच्या रचनेंत अनेक शतकें गेलीं आहेत. इतक्या निरनिराळ्या आवाजांतून एक सुसंगत कथा ऐकूं येते काय, आणि येत असेल तर ती कोणती, हा बायबलनिष्ठ ईश्वरविद्येचा मुख्य विषय होय.

ख्रिस्ती धर्मांत याहून अधिक परिचित अशी दुसरी एक विद्या आहे. ती म्हणजे सिद्धांतांची मांडणी. देव, मनुष्य, पाप, तारण, मंडळी अशीं प्रकरणें पाडून प्रत्येकाखालीं शास्त्रवचनें लावावयाचीं व त्यांवरून सिद्धांत ठरवावयाचा, ही तिची रीत. घरांतील कोठीच्या खोलींत गहूं, डाळी, तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत भरलेले असतात, तशी ही व्यवस्था आहे. डबे नसतील तर स्वयंपाक चालावयाचा नाहीं. परंतु डब्यांकडेच पाहत राहिल्यास हें धान्य कोणत्या जमिनींत, कोणत्या ऋतूंत, किती दुष्काळ सोसून पिकलें याचा विसर पडतो. बायबलनिष्ठ ईश्वरविद्या अभ्यासकास कोठींतून उठवून शेतावर नेते. तेथें प्रत्येक वचन त्याच्या ठिकाणीं, त्याच्या काळीं व त्याच्या शेजाऱ्यांसह पाहावें लागतें.

या दोन विद्यांमधील भेद स्पष्ट शब्दांत मांडण्याचा मान सामान्यतः योहान फिलिप गाब्लर या जर्मन पंडितास देतात. ३० मार्च १७८७ रोजीं न्यूरेंबर्गजवळील आल्टडॉर्फ येथील विद्यापीठांत अध्यापकपद स्वीकारतांना त्यानें लॅटिन भाषेंत एक व्याख्यान दिलें. पवित्र लेखकांस देवाविषयीं काय वाटत होतें हा इतिहासाचा प्रश्न आहे, आणि आजच्या मंडळीनें काय मानावें हा उपदेशाचा प्रश्न आहे; पहिल्याचा निर्णय दुसऱ्याच्या दडपणाखालीं करूं नये, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश. पंथापंथांनीं आपापलीं मतें आधीं ठरवून मग त्यांना आधार म्हणून वचनें शोधावयाचीं, हा त्या काळचा प्रघात होता. ग्रंथाला आधीं बोलूं द्यावें, ही गाब्लरची मागणी त्या प्रघातावर घाव घालणारी होती.

ग्रंथास बोलूं देणें म्हणजे काय, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ‘देव सर्वव्यापी आहे’ हें प्रश्नोत्तरांच्या पुस्तकांत एका ओळींत सांगतां येतें, आणि तें खोटें नाहीं. परंतु बायबल तें एका ओळींत सांगत नाहीं. तें प्रथम एका बागेची कथा सांगतें. तेथें देव दिवसाच्या शांत वेळीं फिरावयास येतो आणि झाडांत लपलेल्या मनुष्यास हाक मारतो. मग बाग सुटते. पुढें मिसरांतून सुटलेले लोक रानांत तंबूंत राहतात, तेव्हां देवाचें निवासस्थानहि तंबूच असतें. लोक निघाले कीं तोहि उचलला जातो. राज्य स्थिरावल्यावर शलमोन राजा यरुशलेमांत मंदिर बांधतो, आणि हळूहळू लोकांची समजूत होते कीं, मंदिर उभें आहे तोंवर आपणांस कसलें भय नाहीं. गरिबांस नाडावें आणि मंदिरांत येऊन निर्धास्त व्हावें, असा क्रम सुरू होतो. यिर्मया संदेष्टा त्या मंदिराच्या दारांतच उभा राहून या समजुतीवर प्रहार करतो. इ. स. पूर्वीं ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें तें मंदिर जाळलें आणि लोकांस कैद करून नेलें. घर गेलें, आतां देव कोठें, हा प्रश्न उरला. बाबेल देशांत कबार नदीच्या कांठीं यहेज्केल संदेष्ट्यास दर्शन झालें, आणि त्या दर्शनांतील सिंहासनाखालीं चाकें होतीं. परमुलखांत पडलेल्या त्या कैद्यांस चाकांचा अर्थ कोणी समजावून सांगावयास नको होता.

नवा करार हाच धागा पुढें नेतो. कैदेंतून परतलेल्यांनीं बांधलेल्या दुसऱ्या मंदिरांत येशू येतो आणि मंदिराविषयीं बोलतां बोलतां स्वतःच्या देहाविषयीं बोलतो, असें योहान लिहितो. पौल करिंथ येथील भांडखोर मंडळीस, तुम्हीच देवाचें मंदिर आहां, याची आठवण करून देतो. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें दुसरें मंदिरहि पाडलें. बायबलच्या अखेरच्या पुस्तकांत एक नवें नगर दिसतें. त्यांत मंदिरच नाहीं, कारण देव स्वतः तेथें राहतो. बागेपासून नगरापर्यंतचा हा प्रवास ज्यानें पाहिला, त्यास ‘देव सर्वव्यापी आहे’ हें वाक्य पुन्हां वाचतांना त्यामागील राख आणि परतीची वाट दिसूं लागते.

या अभ्यासाचें मंडळीच्या जीवनांतील स्थान येथेंच कळतें. एखाद्या नव्या उपासनामंदिराच्या उद्घाटनाचा प्रसंग घ्यावा. ज्या पाळकास शलमोनाचा उतारा तेवढा ठाऊक आहे तो इमारतीची थोरवी गाईल. ज्यास संपूर्ण धागा ठाऊक आहे तो यिर्मयाची आठवण ठेवून, हें दार कोणासाठीं उघडें राहणार, असेंहि विचारील. प्रभुभोजनाची गोष्टहि अशीच आहे. भाकर आणि द्राक्षारस यांच्या मागें मिसरांतून सुटकेची रात्र उभी आहे; ती रात्र ज्यास ठाऊक नाहीं त्यास या विधींतील सुटकेचा अर्थ अर्धाच कळतो. उपदेश, प्रार्थना, विधि व गीत या चारहि ठिकाणीं जुन्या कराराचे शब्द विणलेले आहेत. ते उपटून काढले तर वस्त्रच उसवतें.

तरीहि ते उपटण्याचा प्रयत्न फार पूर्वींच झाला. काळ्या समुद्राच्या कांठच्या सिनोपे गांवचा मार्कियन नांवाचा धनिक जहाजमालक रोम येथें आला. जुन्या कराराचा न्यायनिष्ठुर देव वेगळा आणि येशूचा दयाळू पिता वेगळा, असें त्याचें मत होतें. त्यानें जुना करार सर्वस्वीं टाकला, आणि नव्यांतूनहि आपल्या मतें शुद्ध केलेलें लूकचें शुभवर्तमान व पौलाचीं दहा पत्रें एवढींच ठेवलीं. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीनें त्यास बाहेर काढलें, आणि त्यानें दिलेली मोठी देणगीहि परत केली. जगाचा निर्माता आणि जगाचा तारक एकच आहे, हा निर्णय मंडळीनें त्या वेळीं पैशावर पाणी सोडून घेतला.

मात्र प्रश्न मिटला नाहीं. १९२१ सालीं आडोल्फ फॉन हार्नाक या जर्मन इतिहासपंडितानें मार्कियनवर मोठा ग्रंथ लिहिला. दुसऱ्या शतकांत जुना करार टाकणें ही चूक झाली असती, परंतु एकोणिसाव्या शतकानंतरहि प्रॉटेस्टंट मंडळीनें त्यास प्रमाणग्रंथ म्हणून धरून ठेवणें हा तिच्या पांगळेपणाचा परिणाम आहे, असें मत त्यानें त्यांत मांडलें. हार्नाक उदार विचारांचा विद्वान होता. त्याच्या मनांत कोणाचा छळ नव्हता. परंतु विद्वानांच्या अभ्यासिकेंतील वाक्यें पुढें कोणाच्या तोंडीं जातील हें विद्वानांच्या हातीं नसतें.

१३ नोव्हेंबर १९३३ रोजीं बर्लिनच्या स्पोर्टपालास्ट या विशाल सभागृहांत नाझी राजवटीस अनुकूल असलेल्या ‘जर्मन ख्रिस्ती’ पक्षाची सभा भरली. सुमारे वीस हजार लोक जमले होते. राइनहोल्ड क्राउज या वक्त्यानें, जुना करार जर्मन मंडळींतून हद्दपार करावा आणि पौलाच्या लिखाणांतील यहुदी अंशहि काढून टाकावा, अशी मागणी केली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत प्रशियाच्या प्रॉटेस्टंट मंडळीनें यहुदी वंशाच्या पाळकांस पदावरून दूर करण्याचा नियम केलेला होता. ग्रंथांतील यहुदी आणि मंडळींतील यहुदी या दोघांसहि एकाच दारानें बाहेर घालवावयाचें होतें.

सभेनंतर मोठा गदारोळ झाला व क्राउज यास मंडळींतील पदें सोडावीं लागलीं. म्यूनिक येथें कार्डिनल फाउल्हाबर यांनीं डिसेंबरांत प्रवचनें देऊन जुन्या कराराचा कैवार घेतला. मे १९३४ मध्यें बार्मेन येथें विरोधी मंडळ्यांच्या प्रतिनिधींनीं प्रसिद्ध घोषणापत्र काढलें. त्याचा मुख्य लेखक कार्ल बार्थ हा होता. येशू ख्रिस्तावांचून अन्य कोणत्याहि सत्तेचा शब्द मंडळी देवाचा शब्द म्हणून मानणार नाहीं, असा त्याचा आशय होता. या सर्व कृत्यांस धैर्य लागलें यांत संशय नाहीं. परंतु कार्डिनलमहाशयांनीं आपण प्राचीन इस्राएलाविषयीं बोलत आहों, आजच्या यहुद्यांविषयीं नव्हे, असें बजावून ठेवलें होतें. आणि बार्मेनच्या घोषणापत्रांत यहुद्यांचा उल्लेखच नव्हता. ती उणीव आपलीच चूक होती, असें बार्थनें पुढें कबूल केलें. ग्रंथ वाचविण्यास पुढें आलेल्यांपैकीं फार थोडे त्या ग्रंथाच्या लोकांस वाचविण्यास पुढें आले.

विरुद्ध पक्ष मात्र आपल्या तर्काच्या शेवटापर्यंत गेला. ६ मे १९३९ रोजीं आयझेनाख येथें, जर्मन मंडळीच्या जीवनांतून यहुदी प्रभाव शोधून नाहींसा करण्यासाठीं एक संस्था स्थापन झाली. तिचा उद्घाटनसमारंभ वार्टबुर्गच्या किल्ल्यांत झाला. याच किल्ल्यांत मार्टिन लूथरनें नवा करार जर्मन भाषेंत आणला होता. वाल्टर ग्रुंडमान हा नव्या कराराचा अध्यापक तिचा विद्याप्रमुख होता. १९४० सालीं या संस्थेनें यहुदी संदर्भ गाळलेला नवा करार छापला. पुढील वर्षीं निघालेल्या गीतपुस्तकांतून ‘हालेलूया’ व ‘सियोन’ असे शब्दहि काढले. जुना करार गेल्यावर नवा करारहि जागेवर राहिला नाहीं, आणि ख्रिस्त तर ओळखूं येईनासा झाला.

याच काळांत डीट्रिख बॉन्हॉफर हा तरुण पाळक फिंकेनवाल्डे येथें विरोधी मंडळीच्या उमेदवार पाळकांस शिकवीत होता. तेथें रोज सकाळ-संध्याकाळ स्तोत्रें म्हणण्याचा परिपाठ होता. १९३७ सालीं गेस्टापोनें ती शाळा बंद केली. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्रीं जर्मनीभर यहुद्यांचीं उपासनामंदिरें जाळण्यांत आलीं. बॉन्हॉफरच्या स्वतःच्या बायबलांत ७४ व्या स्तोत्रापाशीं, देवाचीं उपासनास्थानें शत्रूंनीं जाळल्याचा विलाप ज्या आठव्या वचनांत आहे त्याच्या कडेला, ही तारीख त्याच्या हातानें लिहिलेली आढळते. ग्रंथाचा मूळ संदर्भ सोडून दिलेला नाहीं : तो विलाप यरुशलेमाचाच आहे, आणि आज ज्यांचीं मंदिरें जळत आहेत ते त्याच लोकांचे वंशज आहेत. असा वाचक जुन्या कथेंतील जळणारें घर आणि गल्लींतील जळणारें घर यांस एकमेकांपासून तोडूं शकत नाहीं. १९४० मध्यें त्यानें स्तोत्रांवर एक लहान पुस्तक प्रसिद्ध केलें. पुढील वर्षीं त्यास लेखन प्रसिद्ध करण्याची बंदी झाली. आणि ९ एप्रिल १९४५ रोजीं फ्लोसेनबुर्ग येथील छळछावणींत त्यास फांशी देण्यांत आलें.

युद्धानंतर या विद्येस नवें बळ आलें. नाझी काळांत येना येथें, म्हणजे ग्रुंडमानच्याच विद्यापीठांत, जुना करार शिकविणारा गेरहार्ड फॉन राड यानें १९५७ व १९६० सालीं आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. इस्राएल लोक आपल्या देवाविषयीं सिद्धांत सांगत नाहींत. त्यानें काय केलें याची कथा पिढ्यान्‌पिढ्या पुन्हां सांगतात, हें त्यानें दाखवून दिलें. १९७० मध्यें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रेव्हर्ड चाइल्ड्स यानें, मंडळीनें ज्या अखंड रूपांत हा ग्रंथ जपला त्या रूपांतच त्याचा अर्थ लावावा, असा आग्रह धरला. ही चर्चा विद्यापीठांतच राहिली नाहीं. १९६९ पूर्वीं रोमन कॅथॉलिक मंडळीच्या रविवारच्या मिस्सेंत दोनच वाचनें एका वर्षाच्या क्रमानें होत आणि जुन्या करारास तेथें क्वचितच जागा मिळे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशानुसार १९६९ सालीं तीन वर्षांचा नवा वाचनक्रम आला आणि बहुतेक रविवारीं पहिलें वाचन जुन्या करारांतून होऊं लागलें. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनींहि पुढें अशाच क्रमाचा स्वीकार केला. प्रारंभींच्या पाहुण्यास ज्या वाचनाचें नवल वाटलें तें कित्येक मंडळ्यांत असें अलीकडेंच आपल्या जागीं परत आलेलें आहे.

मात्र ‘एक कथा’ म्हणतांना एक सावधगिरी ठेवली पाहिजे. जुना करार हा नव्याची नुसती प्रस्तावना, असें मानून त्याच्या प्रत्येक ओळींत घाईनें ख्रिस्त शोधणें हाहि त्याचा आवाज बंद करण्याचाच एक प्रकार होय. यहुदी लोकांस तो ग्रंथ अपुरा वाटत नाहीं. त्यांच्या परंपरेंत पुस्तकांचा क्रम निराळा असून शेवटीं इतिहासाचें पुस्तक येतें, आणि तें कैद्यांस मायदेशीं परतण्याची आज्ञा होते तेथें संपतें. ख्रिस्ती क्रमांत शेवटीं मलाखी येतो, आणि ग्रंथ येणाऱ्या दूताची वाट पाहत मिटतो. पुस्तकें तींच, वाट निराळी. ख्रिस्ती मनुष्यानें आपल्या वाटेनें अवश्य चालावें; परंतु दुसरी वाट चालणारे या घराचे जुने धनी आहेत, हें विसरूं नये.

महाराष्ट्र व गोमंतक यांना तर या दोन्ही वाटा मराठींतच ऐकावयास मिळाल्या आहेत. १५७९ सालीं गोव्यास आलेला इंग्रज जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यानें नव्या ख्रिस्ती लोकांसाठीं जें ‘क्रिस्तपुराण’ रचलें, तें १६१६ मध्यें राचोल येथें छापलें गेलें. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. ख्रिस्ताची कथा सांगावयाची असूनहि स्टीफन्सनें आरंभ ख्रिस्तजन्मापासून केला नाहीं. पहिलें पुराण सृष्टीच्या उत्पत्तीपासून निघतें, मोशे, दावीद व संदेष्टे यांच्यामधून वाट काढतें, आणि मग दुसऱ्या पुराणांत येशूचा जन्म होतो. कथा आरंभापासून सांगितल्यावांचून तिचा नायक ओळखतां येत नाहीं, हें ओव्या ऐकत वाढलेल्या श्रोत्यांस वेगळें शिकवावें लागलें नसेल. दुसरी वाट कोंकणच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोकांची. तेलाचा धंदा करणाऱ्या आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणाऱ्या या यहुदी समाजानें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आपल्या पूर्वजांच्या त्याच कथा मराठी कीर्तनांतून सांगितल्या.

रविवारच्या पाहुण्याच्या प्रश्नाचें उत्तर यांत आहे. मंडळी जुना करार वाचते तो केवळ पूर्वपरंपरेचा मान राखण्यासाठीं नव्हे. ज्याच्या नांवानें ती जमते तो कोणत्या लोकांत जन्मला, कोणतीं स्तोत्रें म्हणत वाढला, कोणत्या सुटकेची रात्र पाळीत होता, हें ती विसरली तर त्याच्या जागीं आपल्याच तोंडवळ्याची मूर्ति बसविण्यास तिला वेळ लागत नाहीं. तें एकदां घडलेलें आहे. म्हणून दर आठवड्यास वाचक उठतो, आणि आधीं जुनें पुस्तक उघडतो.